न वापरलेला परवाना

सरकारी कागद वाचता येणं ही एक कला आहे आणि ती मला येते, असं मी एकतीस वर्षं छाती फुगवून सांगत आलो. परदेशात माल किंवा सेवा विकणाऱ्यांना सरकार सवलत देतं. ती पदरात पाडून घ्यायची तर अर्ज, तक्ते, दाखले, प्रतिज्ञापत्रं. ते सगळं भरून देणं हा माझा धंदा. निर्यात खात्याच्या मान्यताप्राप्त सल्लागारांच्या यादीत माझं नाव आहे, म्हणजे, होतं. लोक माझ्या पाठीमागे मला ‘कलमदादा’ म्हणायचे, कारण चहा नको म्हणतानासुद्धा मी कुठल्या तरी कलमाचा आधार द्यायचो. मला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर आवडायचं.

माझी धाकटी बहीण नेमकी उलट. कागद दिसला की तिला जांभई येते. पण कामाला वाघ. फर्निचरच्या दुकानावरची एक लांबट खोली भाड्याने घेऊन तिनं सहा वर्षांपूर्वी धंदा सुरू केला आणि अकरा माणसं पोटाला लावली. एका परदेशी फोन कंपनीचे कुठल्याशा डोंगराळ मुलखात चारशेच्या वर टॉवर आहेत. त्यांच्यावर इथून नजर ठेवायची. तिथली वीज गेली, बॅटरी उतरली, कुणी कुंपणाचं दार उघडलं, की इथल्या पडद्यावर ओळ उमटते आणि इथला माणूस तिथल्या दुरुस्तीवाल्याला फोन करून कामाला लावतो. टॉवर त्यांचे, तारा त्यांच्या, गिऱ्हाईक त्यांचं. हिच्याकडे फक्त माणसांचे डोळे आणि चार फोन. आता मला हे इतकं नीट सांगता येतंय. तेव्हा विचारलं असतं तर मी फक्त तिच्या धंद्याचा वर्गवारी क्रमांक सांगितला असता.

यंदा त्या कंपनीचा करार संपत आला. कंपनीनं कळवलं, दर उतरवा, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर त्यानंतरच्या पहिल्या तारखेपासून काम दुसऱ्याला देतो. हिनं हिशेब केला. सरकारी सवलत मिळाली तर दर उतरवता येत होता. नाही मिळाली तर खोलीला कुलूप.

‘‘दादा, मिळेल ना रे?’’ तिनं विचारलं.

‘‘अगं, मिळेल ना म्हणजे काय? नियमात धडधडीत लिहिलंय. दूरसंचाराशी संबंधित सेवा, म्हणजे देखरेख, तपासणी, दुरुस्तीची व्यवस्था, सगळ्या पात्र. तू झोप निवांत.’’

ती झोपली की नाही माहीत नाही. मी झोपलो. आणि पंधरा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. अर्जदार दूरसंचार परवानाधारक असल्याने अपात्र.

नियमाचं पुढचं वाक्य मी विसरलो नव्हतो, ते आपल्याला लागू आहे हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याच्याकडे दूरसंचाराचा परवाना, तो स्वतःच फोन कंपनी. परदेशातून आलेला प्रत्येक कॉल त्याला आयता पैसा मिळवून देतो, त्याला सवलत कशाला? नियम योग्यच आहे. चीड आली ती नियमाची नाही.

कारण हिच्याकडे तो परवाना आला कुठून? मी काढून दिला होता. स्वतःचं फोनचं जाळं टाकणाऱ्यांनी काढायचा तो परवाना, हिला त्याची गरज शून्य. पण माझी खोडच तशी. धंद्याला तीन दाखले लागत असतील तर मी पाच काढणार. पुढेमागे कुणी विचारलं तर दाखवायला असलेला बरा. बाकीचे सल्लागार कमी कागदांत भागवतात आणि मग त्यांची गिऱ्हाइकं ऐनवेळी सैरावैरा धावतात. माझं एकही गिऱ्हाईक कधी कागदावाचून अडलं नाही. शेवटी अडलं ते जास्तीच्या कागदापायी, आणि तेही सख्ख्या बहिणीचं. घ्या!

अपील करायचं ठरलं. परवाना आहे खरा, पण तो सहा वर्षांत एकदाही वापरला नाही, एक कॉलही इथून तिथे वाहून नेला नाही, एवढंच दाखवायचं होतं. प्रतिज्ञापत्राचे तीन परिच्छेद मी एका बैठकीत लिहून काढले. चौथ्यावर घोडं अडलं. परवाना मुळात का घेतला, ते तिथं लिहायचं होतं.

आमच्या सल्लागारांसाठी एक नियम आहे. चुकीचा सल्ला दिल्याचं लेखी सिद्ध झालं की नाव यादीतून कमी. मग खात्याच्या दारात पाऊल ठेवायचं ते पाहुण्यासारखं. मग लिहिलं: ‘सदर परवाना अर्जदाराने स्वतःच्या गैरसमजुतीतून, सल्लागाराच्या सूचनेविना, आग्रहाने घेतला होता.’

लिहिताना एक शब्दही खोडावा लागला नाही, हे सांगायला आज लाज वाटते. मी स्वतःची समजूत घातली की त्यानं काय फरक पडतो? परवाना वापरला नाही हा मुद्दा. तो का घेतला हे कोण विचारतंय? तिचं काम झालं म्हणजे झालं, आणि माझंही नाव राहिलं. साप मेला आणि काठीही वाचली असं मला तेव्हा वाटत होतं.

आमची ही माझे कागद टाइप करून देते. चौथ्या परिच्छेदाशी तिची बोटं थांबली.

‘‘हे असं होतं?’’

‘‘तू टाइप कर गं.’’

तिनं टाइप केलं. नंतर दोन दिवस तिनं माझ्याशी फक्त ‘जेवायला चला’ एवढंच संभाषण केलं.

सहीला मी स्वतःच बहिणीच्या खोलीवर गेलो. तिच्या काचेच्या केबिनमध्ये बसलो, कागद पुढे सरकवला. एरवी ती मी बोट ठेवीन तिथे सही करून मोकळी होते. त्या दिवशी म्हणाली, ‘‘बघू तरी, इतकं महत्त्वाचं आहे तर.’’ आणि चष्मा लावून वाचायला लागली. मी मान वर करून छताचा पंखा किती धुळकट झालाय ते बघत बसलो. चौथ्या परिच्छेदाशी ती थांबली. मला कळलं. वाक्य पुन्हा वाचलं तिनं, ओठ हलले. मग माझ्याकडे पाहिलं. मी अजून पंख्याकडेच.

‘‘कुठे करू?’’ ती म्हणाली.

मी बोट ठेवलं, तिनं सही केली. जिना उतरताना मला भरून आलं होतं. एक शब्द न बोलता तिनं माझं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं, असं मी समजलो. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, असंही मनात म्हणालो. आणि त्या ओझ्यासकट तिला तिथेच ठेवून घरी आलो.

अपिलावर निर्णय द्यायला खात्याच्या उपसंचालक मॅडम मंगळवारी स्वतः जागेवर येणार असल्याचं पत्र आलं. करारासाठी उत्तर त्याच आठवड्यात शुक्रवारी द्यायचं होतं. खोलीतल्या अकरा जणांना हे ठाऊक होतं. त्या दिवशी सगळे वेळेच्या आधी हजर, टेबलं पुसलेली, आणि कुणीच कुणाची थट्टा करत नव्हतं. मला ते विचित्र वाटलं, कारण ती खोली म्हणजे एरवी नुसता गोंगाट.

मॅडम अकराला आल्या. पन्नाशीच्या, साध्या चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. मी पुढे होऊन कलमांसकट बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. ‘‘कागद मी वाचलेत. मला काम बघायचंय.’’ आणि एक खुर्ची ओढून त्या सरळ तारवाल्या काकांच्या शेजारी बसल्या.

तारवाले काका माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. उमेदीची वर्षं खांबांवर चढून तारा ओढण्यात गेली. एकदा वरून पडले आणि गुडघा कायमचा गेला. त्यानंतर त्यांना दारात उभं केलं ते फक्त माझ्या बहिणीनं. त्यांच्यापुढे दोन पडदे होते. त्यांवर ओळीच ओळी, बहुतेक हिरव्या.

इतक्यात एक ओळ लाल झाली.

‘‘दोनशे बारा,’’ काका म्हणाले. ‘‘कुंपणाचं दार उघडलं.’’ त्यांनी फोन उचलला, परक्या भाषेत चार वाक्यं बोलले, पलीकडचं ऐकून हसले आणि फोन ठेवला. ओळ पुन्हा हिरवी.

‘‘कोण होतं?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘तिथला राखणदार. रोज या वेळेला स्वतःचा फोन चार्ज करायला आत शिरतो.’’

‘‘रोज तोच असतो, तरी फोन करता?’’

‘‘एखाद दिवशी तो नसेल ना.’’

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. ‘‘इथून तुम्हाला कुणाचा कॉल जोडता येतो? तोडता येतो?’’

‘‘छे हो! मला घरी सुनेचा फोन थांबवता येत नाही, त्यांचा काय थांबवणार?’’

खोलीत त्या दिवशी पहिल्यांदाच हशा पिकला. मॅडमही हसल्या. मग त्यांनी पडद्यावरच्या एका पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘ही पिवळी म्हणजे काय?’’

मी सल्लागार. सहा वर्षं या धंद्याचे सगळे कागद माझ्या हातचे. ‘‘ते... तांत्रिक आहे,’’ मी म्हणालो.

‘‘वीज गेलीय, बॅटरीवर चाललाय,’’ बहीण मागून शांतपणे म्हणाली. ‘‘चार तास आहेत हातात. तेवढ्यात माणूस जनरेटरसाठी डिझेल घेऊन पोचला नाही तर खालच्या तीन गावांचे फोन बंद. तीन तासांचा रस्ता आहे, म्हणून आम्ही पिवळ्यालाच पळवतो, लाल व्हायची वाट बघत नाही.’’

मॅडम तिच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘आत बसू या.’’

केबिनमध्ये आम्ही तिघं. मॅडम बाटलीतलं पाणी प्यायल्या, मग त्यांनी फाइल उघडली आणि प्रतिज्ञापत्र काढलं.

‘‘परवाना वापरला नाही, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं,’’ त्या बहिणीला म्हणाल्या. ‘‘तो प्रश्न मिटला. पण तेवढ्यानं भागत नाही. फोन कंपनी काढायचीच म्हणून ज्यानं आपणहून परवाना घेतला, त्यानं तो वापरला काय, न वापरला काय, तो अपात्रच. चुकीच्या सल्ल्यानं गळ्यात पडला असेल, तर मात्र मला तो रद्द करून तुमचा अर्ज मंजूर करता येतो. तुम्ही इथं लिहिलंय, सल्लागाराच्या सूचनेविना, आग्रहाने घेतला. हे जर असंच असेल तर माझे हात बांधलेले आहेत. म्हणून समोरासमोर विचारते. हा परवाना घ्यायचं कुणी ठरवलं?’’

जे वाक्य मी माझी कातडी वाचवायला लिहिलं, तेच या खोलीचं दार बंद करणार होतं. ‘कोण विचारतंय’ म्हणत होतो ना? घ्या, विचारलं.

मी बहिणीकडे पाहिलं. मनात म्हणत होतो, बोल बाई. माझ्याकडे बोट दाखव. एकदा दाखव, मी नाही म्हणणार नाही. तुझी अकरा माणसं आहेत बाहेर.

ती टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती. मग म्हणाली, ‘‘तिथं लिहिलंय तेच, मॅडम. माझाच गैरसमज झाला असणार.’’

‘‘नक्की?’’

‘‘दादानं सगळं नीट बघूनच लिहिलं असेल.’’

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. काचेपलीकडे तारवाले काका पडद्याकडे बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते. मॅडमनी कागदावर तारीख घातली, आणि तेवढ्यात मी उठून उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून ते बोलता आलं नसतं.

‘‘मॅडम, थांबा. ते खोटं आहे. परवाना मी काढला. हिला नकोच होता. गरज आहे का, म्हणून हिनं मला विचारलंही होतं. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतंय, सही कर. चौथा परिच्छेद मी माझं नाव वाचवायला लिहिला.’’

बाहेर फोन वाजला आणि कुणीतरी उचलला.

‘‘लेखी द्याल?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘देतो.’’

‘‘मला ते वर कळवावं लागेल. नुसता चुकीचा सल्ला नाही, खोटं प्रतिज्ञापत्र आहे. यादीतून नाव जाईल तुमचं.’’

‘‘कळवा.’’

तिथंच बसून मी हातानं लिहिलं. एकतीस वर्षांत कधी इतकं सरळ वाक्य लिहिलं नव्हतं. एकाही कलमाचा आधार नाही. मॅडमनी वाचलं, फाइलला लावलं, आणि जाताना बहिणीला म्हणाल्या, ‘‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत बघते.’’ त्या गेल्या आणि बहीणही लगेच बाहेर धावली, कारण दोन ओळी एकदम पिवळ्या झाल्या होत्या. आमचं बोलणं काही झालं नाही.

गुरुवारी दुपारी पत्र आलं. परवाना रद्द, अर्जदार पात्र. शुक्रवारी सकाळी तिनं नवा दर कळवला आणि संध्याकाळच्या आत कंपनीचं उत्तर आलं, दोन वर्षांचा करार. तारवाल्या काकांनी मला स्वतः फोन करून सांगितलं. म्हणाले, ‘‘कलमदादा, वाचवलंत.’’ मी म्हटलं, ‘‘काका, ज्यानं विहिरीत ढकललं त्यालाच वाचवलं म्हणून कशाला हार घालता?’’ ते खो खो हसले. मला हसता आलं नाही.

माझं पत्र पुढच्या सोमवारी आलं. नाव कमी केल्याचं. साडेतीन ओळी होत्या.

बुधवारी मी माझ्या ऑफिसातल्या फाइली गिऱ्हाइकांना परत द्यायला बांधत होतो, तेव्हा बहीण आली. शेजारी बसून गठ्ठ्यांना दोरी बांधायला लागली. तिच्या गाठी माझ्यापेक्षा पक्क्या. सहा-सात गठ्ठे झाले. आठवडाभर जे मनात साठलं होतं ते मग मी बोलून टाकलं.

‘‘धाकटे, तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही. धंदा बुडायची वेळ आली, तरी माझं नाव तू सांगितलं नाहीस. सगळं स्वतःवर घेतलंस. माझ्यासाठी.’’

ती दोरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलतोय ते तिला खरंच कळत नव्हतं.

‘‘तुझ्यासाठी?’’ ती म्हणाली. ‘‘नाही रे दादा. मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे तसंच झालं असणार.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे, तू कागदात कधी चुकत नाहीस ना. सही केली त्या दिवसापासून मी आठवत होते, आपण कधी आग्रह केला? मला काही केल्या आठवेना. वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालंय. आईचं शेवटी झालं होतं तसं. घरात कुणाला बोलले नाही, पण डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. केबिनमध्ये तू उभा राहिलास तेव्हासुद्धा मला क्षणभर वाटलं, मला वाचवायला हा खोटं बोलतोय.’’

ती रागावली असती, चार शब्द ऐकवले असते, तर मला सोसलं असतं. ती रागावली नव्हती. दोरी खाली ठेवून ती थोडी पुढे वाकली आणि हळूच, भीतभीत विचारल्यासारखं म्हणाली,

‘‘दादा, मी तुला तेव्हा विचारलं होतं ना? गरज आहे का म्हणून?’’

‘‘विचारलं होतंस.’’

‘‘दोनदा विचारलं होतं. एकदा घरी आणि एकदा तुझ्या या टेबलाशी. असं मला आठवतंय. बरोबर आहे का?’’

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हटलं. ‘‘दोनदा विचारलं होतंस. मी दोन्ही वेळा तुला गप्प केलं.’’

तिनं मोठा श्वास सोडला. ‘‘मग ठीक आहे,’’ ती म्हणाली, डोळे पुसले, आणि पुढचा गठ्ठा बांधायला घेतला.